कोंडलेल्या पाण्याचं मीठ

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा या गावी तापी आणि गोमाई या नद्यांचा संगम आहे. तिथल्या घाटावर उभं राहून कुणी म्हणालं, "ही नदी रोज मीठ वाहून नेते," तर तुम्ही हसाल. तापीचं पाणी कुठे खारट लागतं? मीठ तर गुजरातमधून ट्रकने येतं आणि किराणा दुकानात मिळतं!

पण म्हणणारा खरंच बोलतोय. पाऊस डोंगरावर पडतो, खडकांच्या भेगांत शिरतो, मातीतून झिरपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. त्यामुळे जाता जाता ते खडकाचा अगदी थोडा अंश विरघळवून सोबत घेतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असं काय काय त्यात असतं. हे पाण्यात विरघळलेले पदार्थ म्हणजेच क्षार. आपलं जेवणातलं मीठ हाही एक क्षारच.

नदीत हे क्षार असतात तरी किती? जगभरातल्या नद्यांची सरासरी काढली तर एका लिटरमध्ये साधारण एक दशांश ग्रॅम. जिभेला पत्ताही लागत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा जाते आणि दक्षिणेकडच्या मैदानातून तापी जाते. दोघी आपापलं ओझं घेऊन गुजरातमध्ये शिरतात आणि खंबातच्या आखातात नेऊन टाकतात. ओझं पोचतं झालं, नदी मोकळी!

आता खरं कोडं ऐका. समजा, अशा पाण्याला समुद्राकडे जायची वाटच नसेल, तर त्या ओझ्याचं काय होईल?

पाणी उडतं, ओझं राहतं

नंदुरबारच्या मुलांना याचं उत्तर हिवाळ्यात शहराबाहेर पसरलेलं दिसतं. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या रिकाम्या होतात. व्यापारी ती मिरची मोकळ्या मैदानात पथारीवर वाळत घालतात. नजर जाईल तिथवर जमीन लालेलाल! काही दिवसांत मिरची सुरकुतते आणि वजनाला हलकी होते. उन्हाने तिच्यातलं पाणी नेलं. पण तिखट नेलं का? नाही. उलट मूठभर ओल्या मिरचीपेक्षा मूठभर सुकी मिरची जास्त झोंबते. वाट नसलेल्या तळ्याचंही असंच होतं. वाफ होऊन पाणी तेवढं उडून जातं आणि क्षार मागे उरतात. पुढच्या पावसाळ्यात नवं पाणी येतं, ते नवे क्षार आणतं, उन्हाळ्यात पुन्हा पाणीच उडतं. अशी हजारो वर्षं गेली की तळं खारं होतं.

म्हणजे गंमत पाहा. तळं खारं होण्यासाठी कुठून फार मीठ यावं लागत नाही. आलेलं मीठ परत जाता कामा नये, एवढंच पुरे!

यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक, चारही बाजूंनी उंच आणि मध्ये खोल अशी जागा, जिथून एकही ओढा बाहेर पडत नाही. दोन, पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणजे ऊन कडक आणि हवा कोरडी. वाळवंटांत या दोन्ही गोष्टी सहज जुळतात. म्हणून जगातली बरीचशी खारी तळी कोरड्या प्रदेशांत सापडतात.

ऊन तर आपल्याकडेही काही कमी नाही. एप्रिल-मे महिन्यांत नंदुरबार, शहादा, तळोदा इथला पारा चाळिशी ओलांडतो. मग तोरणमाळचा यशवंत तलाव खारा का झाला नाही? कारण सातपुड्याच्या त्या पठारावर पाऊस भरपूर पडतो आणि पाण्याला उतार सापडतो. पावसाळ्यात तिथलं पाणी सीताखाईच्या दरीत उड्या घेतं. वाट मोकळी आहे, म्हणून पाणी गोडं आहे.

वाट बंद झालेलं तळं पाहायचं तर सातपुडा सोडून बुलढाणा जिल्ह्यात जावं लागेल.

आकाशातून पडलेल्या दगडाचा खड्डा

लोणार गावाला लागून एक प्रचंड गोल खड्डा आहे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. काठावरून तळ्याच्या पाण्यापर्यंत सरळ खाली मोजलं तर दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे पन्नास मजली इमारत आत उभी केली तर तिची गच्ची जेमतेम काठाला लागेल!

हा खड्डा झाला कसा? गावातले लोक लोणासुर नावाच्या दैत्याची कथा सांगतात. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, अशी ती कथा. दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव देऊळ आजही गावात आहे. इंग्रजांच्या काळात 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. पुढे बराच काळ अनेकांना वाटत होतं की हे जुन्या ज्वालामुखीचं तोंड असावं. तसं वाटणं साहजिकही होतं, कारण सगळा दख्खनच लाव्हारसाने बनलेला आहे. शहाद्याच्या शेतातल्या काळ्या मातीखाली जो बेसॉल्ट म्हणजे काळा खडक आहे, तोच लोणारलाही आहे.

मग 1970च्या दशकात शास्त्रज्ञांनी तळाशी खोल छिद्रं पाडून आतला खडक वर काढला. त्यात प्रचंड दाबाने पार बदलून गेलेले खडकाचे कण आणि काचेचे बारीक मणी सापडले. इतका दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो द्यायला आकाशातून अतिशय वेगाने आलेला दगडच हवा. म्हणजे ही करामत अशनीची! बेसॉल्ट खडकात अशनीने केलेले खड्डे पृथ्वीवर फार थोडे आहेत. चंद्रावर आणि मंगळावर मात्र बेसॉल्ट भरपूर, म्हणून तिथले खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात.

अशनी कधी पडला? एका पद्धतीने वय काढलं तेव्हा सुमारे 52 हजार वर्षं आलं. नंतर दुसऱ्या पद्धतीने काढलं तर सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं! एवढा फरक? हो, शास्त्रात असंही होतं. खरा आकडा कोणता यावर अजून वाद चालू आहे. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी तो मिटवावा.

हळद लाल का झाली?

खड्ड्याच्या काठावर 'धार' नावाचा झरा आहे. गोमुखातून बारा महिने पाणी पडतं आणि ते गोडं असतं. आणखीही झरे आहेत, पावसाचे ओहोळ आहेत. ते सगळे तळ्यात उतरतात. बाहेर जाणारा एकही नाही.

खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ 'सासू-सुनेची विहीर' आहे. तिच्यातलं एका बाजूचं पाणी गोडं आणि दुसऱ्या बाजूचं खारं असं लोक सांगतात. यातली सासू कोणती आणि सून कोणती, हे ज्याचं त्याने ठरवावं!

तळ्याचं पाणी तळहातावर घेऊन त्यात चिमूटभर हळद टाकली की पिवळी हळद लालसर होते. का? कारण हे पाणी नुसतं खारट नाही, अल्कधर्मी आहे. एखादा द्रव आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सांगणाऱ्या मापाला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू 7. समुद्राच्या पाण्याचा 8 च्या जरा वर. लोणारच्या पाण्याचा 10 च्या आसपास! सामूची एकेक पायरी म्हणजे दहापट फरक. मग 7 पासून 10 पर्यंत किती पट झाली? करा गुणाकार.

पण क्षार सगळे खडकातूनच आले, तर लोणारचं पाणी समुद्रापेक्षा वेगळं कसं? त्याचं कारण असं. बेसॉल्टमधून पाझरून येणाऱ्या पाण्यात सोडियम असतं, कॅल्शियम असतं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही असतो. पाणी आटायला लागलं की कॅल्शियम आधी हार मानतं. ते चुनखडी होऊन तळाच्या चिखलात बसतं. सोडियम चिवट! ते पाण्यातच राहतं आणि त्यातून सोडा तयार होतो. म्हणून लोणारचं तळं हे नुसतं मिठाचं तळं नाही, सोड्याचं तळं आहे.

जुन्या काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. लोक ते खरवडून गोळा करत. पापडी, खुप्पल, भुस्की अशी त्यांच्या प्रतीप्रमाणे वेगवेगळी नावं होती. साबण, काच आणि कापडाची रंगाई या कामांना तो खार लागायचा.

या पाण्यात राहतं तरी कोण?

चला, काठावरून खाली उतरू. सुरुवातीला सागाचं आणि इतर पानगळीच्या झाडांचं रान लागतं. वानरं फांद्या हलवत असतात, मोर ओरडत असतात. आणखी खाली बाभळी सुरू होतात, कारण खारवट मातीत बाभूळ तग धरते. मग झाडं संपतात. पायाखाली काळा चिखल येतो, त्यावर ठिकठिकाणी पांढरी खपली. नाकात गंधकाचा उग्र वास शिरतो. चिखलात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू असतात, त्यांच्या कामाचा हा वास.

आणि समोर पाणी. हिरवंगार! एवढ्या कडक पाण्यात मासा तगत नाही, बेडूक अंडी घालत नाही. मग हिरवं काय आहे? सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब धरला की पीळ घेतलेले नाजूक हिरवे धागे दिसतात. हे नीलहरित सूक्ष्मजीव. त्यातल्या एकाला स्पिरुलिना म्हणतात. जे पाणी इतरांना सोसत नाही, तेच त्यांना मानवतं. खाणारे मासे नाहीत, जागेसाठी भांडणारी दुसरी पाणवनस्पती नाही, ऊन भरपूर. मग काय, नुसती चैन!

या हिरव्या धाग्यांवर बारीक जलजीव जगतात, काठावर किडे जगतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, थंडीत उत्तरेकडून येणारी चक्रवाक बदकं, टिटव्या. लोणारच्या परिसरात सुमारे 160 जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. कधीकधी रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगोही दिसतो.

रोहितची जेवायची तऱ्हा बघण्यासारखी असते. मान खाली घालून तो चोच चक्क उलटी पाण्यात धरतो. चोचीच्या कडांना बारीक झालरी असतात. जिभेने पाणी आत ओढायचं, बाहेर ढकलायचं, झालरीत अडकलेलं गिळायचं. त्याचं पिल्लू मात्र करडं असतं बरं का! गुलाबी रंग त्याला अन्नातून मिळतो. नीलहरित सूक्ष्मजीव आणि त्यांना खाणारे बारीक जलजीव यांच्यात गाजराला नारिंगी करणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळातली रंगद्रव्यं असतात. तीच खाऊन खाऊन पिसं गुलाबी होतात.

तळं गुलाबी झालं तेव्हा

जून 2020. लोणारच्या लोकांनी पाहिलं तर हिरवं तळं गुलाबी! देशभर चर्चा सुरू झाली. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी रसायनांवर संशय घेतला. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. तिथे एक गंमत झाली. नमुना न हलवता ठेवला तर गुलाबी भाग हळूहळू खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता. पाण्यात तरंगणाऱ्या कोणाचा तरी तो रंग होता!

तो होता मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. यांना हॅलोआर्किया म्हणतात. त्या उन्हाळ्यात तळ्याची पातळी खाली गेली होती, त्यामुळे क्षार वाढले होते. क्षार वाढले की यांची संख्या भराभर वाढते, आणि कडक उन्हापासून बचाव करणारं गुलाबी रंगद्रव्य त्यांच्या अंगात असतं. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. इराणमधलं उर्मिया सरोवरही असंच लाल होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी. नांदूरमधमेश्वरनंतर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं दुसरं ठिकाण.

वाळवंटाच्या दारातलं सांभर

लोणारला वाट बंद केली अशनीने. राजस्थानात हेच काम जमिनीच्या चढउतारांनी आणि कोरड्या हवेने केलं. जयपूरच्या नैर्ऋत्येला, अरवलीच्या डोंगरांमध्ये सांभर सरोवर आहे. आपल्या देशातलं जमिनीने वेढलेलं सगळ्यात मोठं खारं सरोवर. पाऊस चांगला झाला तर 200 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. आणि खोली? पावसाळ्यानंतरसुद्धा जास्तीत जास्त तीन मीटर. उन्हाळ्यात तर बराचसा भाग कोरडा पडतो आणि पांढरी जमीन डोळे दिपवते. मेंढा आणि रूपनगढ या नद्या त्यात येतात, पण पावसाळ्यापुरत्याच.

सांभरला शेकडो वर्षं मीठ पिकवतात. मोगलांच्या काळातही इथलं मीठ प्रसिद्ध होतं. सरोवराच्या मधोमध दगडी बांध आहे. पश्चिमेकडे पावसाचं पाणी साठतं. ते पुरेसं खारं झालं की पूर्वेकडच्या भागात सोडतात आणि तिथून मिठागरांच्या वाफ्यांत घेतात. पुढचं काम उन्हाचं. थंडीत इथे रोहित पक्ष्यांचे मोठमोठे थवे उतरतात. सांभरला 1990 मध्येच रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पण नोव्हेंबर 2019 मध्ये इथे एक वाईट गोष्ट घडली. हजारो स्थलांतरित पक्षी काठावर मरून पडले. पंख आणि पाय लुळे पडत होते, मान सावरता येत नव्हती. तपासणीत कळलं की कारण होतं बोट्युलिझम, एका जिवाणूच्या विषाने होणारा रोग. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्या अळ्यांमध्ये ते विष साठतं, दुसरा पक्षी अळ्या खातो आणि तोही मरतो. म्हणून तिथल्या लोकांनी सगळ्यात आधी कोणतं काम केलं असेल? मेलेले पक्षी उचलून पुरण्याचं. बाकीच्या पक्ष्यांना वाचवायचं तर ती साखळी तोडावीच लागते.

जास्तही नको, कमीही नको

खाऱ्या तळ्याचा कारभार फार नाजूक. येणारं पाणी आणि उडणारं पाणी यांचा हिशेब जुळला पाहिजे. गोडं पाणी किंवा सांडपाणी जास्त आलं तर क्षार पातळ होतात, मग स्पिरुलिनाचं राज्य जातं आणि तिच्यावर जगणाऱ्यांचीही पंचाईत होते. "खारं पाणी काय कामाचं, त्यात गोडं सोडा की!" असं कुणी म्हणालं तर आता तुम्हाला उत्तर माहीत आहे.

उलट, येणारं पाणी तोडलं तर काय होतं? मध्य आशियातल्या अरल समुद्राचं पाहा. नावाला समुद्र, पण खरं तर वाट नसलेलं तळंच. एकेकाळी तो जगातल्या मोठ्या तळ्यांमध्ये चौथा होता. 1960 नंतर त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं. तळं आटत गेलं, उरलेलं पाणी इतकं खारट झालं की मासे मेले, आणि उघड्या पडलेल्या तळावरून मीठमिश्रित धूळ उडू लागली. होड्या वाळूत रुतून बसल्या. कापूस आपल्या खानदेशातही पिकतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खारं पाणी आपल्यापासून फार लांबही नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना 'खारपाण पट्टा' आहे. तिथल्या शेकडो गावांत विहीर खणली तर खारं पाणी लागतं. ती पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते आणि पुढे तापी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात येते.

आता सगळ्यात मोठं कोडं सोडवू. नद्या समुद्रात जातात. समुद्रातून बाहेर पडणारी नदी तुम्ही कधी पाहिली आहे? नाही ना! तिथून फक्त वाफ बाहेर पडते. म्हणजे समुद्र हेसुद्धा वाट नसलेलं एक अवाढव्य तळंच आहे. म्हणून तर त्याच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार साठलेत, चहाचे सहा-सात चमचे! मग तो दर वर्षी आणखी खारट का होत नाही? कारण शंख-शिंपले कवचांसाठी कॅल्शियम घेतात, काही क्षार तळाच्या गाळात अडकतात. जितकं येतं, साधारण तितकंच निघून जातं.

करून पाहा

दोन करवंट्या घ्या. मोठ्या माणसाच्या मदतीने एकीच्या तळाला भोक पाडा आणि तिच्याखाली बशी ठेवा. दुसरी अखंड राहू द्या. एका तांब्याभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. रोज सकाळी दोन्ही करवंट्यांत या पाण्याचे चार-चार चमचे घाला आणि दोन्ही उन्हात ठेवा. बशीत पडलेलं पाणी रोज फेकून द्या, ती तुमची नदी. आठवड्याने दोन्ही करवंट्यांच्या आत बोट फिरवून पाहा. कोणत्या करवंटीत जास्त मीठ साठलं, हे वहीत लिहून ठेवा.

हळदीचा प्रयोगही सोपा आहे. हळद कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि कागद वाळू द्या. त्यावर एक थेंब लिंबाच्या रसाचा, एक साबणाच्या पाण्याचा, एक तुमच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा टाका. कोणता थेंब लाल झाला? विहिरीचा थेंब जराही लालसर दिसला, तर विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना सांगून त्या पाण्याचा सामू मोजून घ्या.